खिडकीतली पेरणी

नाशिकला मुंबईची परसबाग म्हणतात. कोथिंबीर, मेथी, टोमॅटो, फ्लॉवर... इथून गाड्या भरतात आणि दुसऱ्या दिवशी मुंबईकरांच्या पिशवीत जाऊन पडतात. आणि आपण? आपण याच परसबागेत राहणारी मंडळी! पण गंगापूर रोडवरच्या चौथ्या मजल्यावरच्या टू बीएचकेमध्ये शिरताना आपल्या हातात काय असतं, तर सुपरमार्केटमधून आणलेली, प्लास्टिकच्या डबीत गुदमरलेली बेझिलची सहा पानं. पास्त्यावर घालायला. उरलेली चार पानं फ्रीजमध्ये काळी पडतात आणि रविवारी कचऱ्यात जातात.

मीही त्यातलीच होते. बुधवारच्या बाजारात गंगेवर जाऊन भाजी आणायचं आई सांगायची, तेव्हा मी ‘पार्किंग कुठे मिळतं तिथे?’ म्हणून विषय संपवायचे. बी पेरणं वगैरे तर फारच लांबची गोष्ट. बी म्हणजे शेतकऱ्यांचं काम. आपलं काम एक्सेल शीट.

मग एक डबा सापडला.

बावीस वाल

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. आजी जाऊन सहा महिने झाले होते. सिन्नरकडचं गावातलं घर आवरायला आम्ही सगळे गेलो होतो. भांडी वाटली गेली, गोधड्या वाटल्या गेल्या. फडताळात मागच्या बाजूला दुधाच्या पावडरीचा एक जुना पत्र्याचा डबा होता. उघडला तर आत राख. काका म्हणाले, ‘टाक गं तो.’ मी टाकायला म्हणून उपडा केला आणि राखेतून बिया घरंगळल्या. जांभळट-काळ्या, टपोऱ्या, कडेला पांढरी शुभ्र रेघ असलेल्या. आजीचा वाल! कुंपणावर चढायचा तो. त्याच्या शेंगांची भाजी मी लहानपणी ताटात बाजूला सारायचे, आणि आजी न बोलता तिच्या ताटात घ्यायची.

मोजल्या. बावीस. गावात चौकशी केली तर तो वाल आता कुणाकडेच नव्हता. ‘मार्केटला चालत नाही ना, कोण लावतं?’ म्हणजे जगात, निदान आमच्या जगात, तो वाल तेवढाच उरला होता. बावीस बिया.

मी काय केलं असेल? घरी आल्याबरोबर, म्हणजे भर डिसेंबरात, त्यातल्या अकरा पेरल्या. सोसायटीच्या आवारातली काळी माती खणून आणली, आइस्क्रीमच्या डब्यात भरली, बिया खुपसल्या आणि रोज सकाळी ऑफिसला जाताना नि रात्री आल्यावर, प्रेमाने, ग्लासभर पाणी. पंधरा दिवस काहीच दिसेना. शेवटी उकरून पाहिलं. अकराच्या अकरा बिया मऊ पडून, वास येऊन, कुजलेल्या होत्या.

त्या रात्री खरंच झोप लागली नाही. हसू नका. एखादा फोटो डिलीट झाला तर बॅकअप असतो. इथे उरलेल्या अकरा बिया हाच बॅकअप होता.

बी मेलं नाही, बुडलं!

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याचं गाव पिंपळगाव बसवंतजवळ. तो म्हणाला, ‘आमच्याकडच्या नर्सरीत चल, एकदा बघ तरी.’ शनिवारी गेले, आणि बॉस, डोळेच उघडले!

निफाड, दिंडोरी, चांदवड हा टोमॅटोचा पट्टा. पण आजकाल बरेच टोमॅटोवाले शेतकरी स्वतः बी पेरतच नाहीत. ते रोपवाटिकेत ऑर्डर देतात आणि तयार रोपं नेतात. शेडनेटखाली काळ्या प्लास्टिकच्या ट्रेच्या रांगाच रांगा. एकेका ट्रेला 98 किंवा 104 खळगे, खळग्यात कोकोपीट, त्यात एक बी. पेरलेले ट्रे तीन-चार दिवस एकावर एक रचून प्लास्टिकने झाकून ठेवतात. ऊब आणि ओल कोंडून राहते आणि बी एकदम, एकसारखं उगवतं. कोंब दिसले की लगेच ट्रे सुटे करून उजेडात. साधारण 25 दिवसांत रोप शेतात जायला तयार.

मी माझी कर्मकहाणी सांगितली. नर्सरीवाले दादा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘ताई, तुमचं बी मेलं नव्हतं. तुम्ही ते बुडवलं.’

मग जे सांगितलं ते तीन वाक्यांत मावतं. बीला उगवायला पाणी लागतं, ऊब लागते आणि हवा लागते. बी जिवंत असतं, ते श्वास घेतं. आपली काळी माती डब्यात भरून रोज पाणी ओतलं की ती चिखल होते, हवेच्या जागा बुजतात आणि बी गुदमरून कुजतं. शेतात हीच माती सोनं असते, कारण तिथे पाणी खाली निचरायला जागा असते. आइस्क्रीमच्या डब्याला मी भोकसुद्धा पाडलं नव्हतं!

आणि ऊब? नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर. निफाडला तर थंडीत पारा पाच अंशांच्या आसपास उतरल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. टोमॅटो, मिरची, वांगी, वाल ही उबेतली मंडळी. यांना 25 ते 30 अंश तापमान मिळालं की पटकन उगवतात. डिसेंबरच्या नाशकात ओल्या गार मातीत ती नुसती पडून राहतात, आणि पडून राहिलेल्या बीवर बुरशी आधी पोचते.

‘उरलेल्या अकरा मृगापर्यंत हात लावू नका,’ दादा म्हणाले. त्या मधल्या पाच महिन्यांत मी बाकीच्या बियांवर हात साफ करून घ्यायचं ठरवलं. त्यातून जे शिकले ते आता तुमच्यासाठी.

सेटअप, तोही स्वस्तात

महागडं किट घ्यायची मुळीच गरज नाही. ऑफिसच्या कॅन्टीनमधले कागदी कप, दह्याचे डबे, अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, काहीही चालतं. अट एकच, खाली भोक हवं. दाभण गरम करून दोन-तीन पाडा.

भरायला कोकोपीट आणि गांडूळखत, निम्मं निम्मं. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. विटेच्या आकारात मिळतो, पाण्यात टाकला की फुगून कितीतरी पट होतो. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. स्वस्तातल्या विटेत क्षार असू शकतात, म्हणून भिजवून, पिळून, पुन्हा एकदा धुऊन घ्या. मूठभर घेऊन दाबल्यावर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. एवढीच ओल बीला हवी असते.

किती खोल पेरायचं? बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. वाल, भेंडी, भोपळा बोटाच्या अर्ध्या पेराएवढं. टोमॅटो, मिरची, वांगी जेमतेम झाकली जातील इतकं. बेझिल, ओरेगॅनो, थाइम, लेट्युस यांचं बी वरच भुरभुरायचं आणि हाताने हलकेच दाबायचं. पुरलं की संपलं! पाणी वरून ओतायचं नाही. स्प्रेने फवारा, नाहीतर कप पाण्याच्या ताटलीत दहा मिनिटं ठेवा, खालून हवं तेवढं शोषून घेतो.

उगवेपर्यंत वर प्लास्टिक किंवा ताटली झाका. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी झाकण काढा आणि उजेडात न्या. ‘संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर बघू’ म्हणालात तर रोपं उजेडाच्या शोधात उंच, पांढुरकी, लुकडी होतात आणि मान टाकतात. खिडकीत एकाच बाजूने उजेड येतो, म्हणून ट्रे रोज अर्धा फिरवा.

कुणाला ट्रे, कुणाला थेट कुंडी?

इथे बहुतेक जण फसतात. सगळंच ट्रेमध्ये लावायचं नसतं.

टोमॅटो, मिरची, वांगी, कांदा, कोबी, बेझिल, लेट्युस यांना ट्रेमध्ये वाढवून दुसरीकडे हलवलेलं चालतं. टोमॅटो साधारण आठवड्यात उगवतो. मिरची आळशी, दहा-बारा दिवस घेते, रोप तयार व्हायला पाच-सहा आठवडे. धीर सोडून कुंडी उकरू नका.

मुळा, गाजर, बीट, मेथी, कोथिंबीर, पालक थेट कुंडीत. मुळ्या-गाजराचं मूळ म्हणजेच भाजी. ते हलवलं की वाकडंतिकडं होतं. भेंडी, वाल, काकडी, दुधी यांनाही मुळं दुखावलेली आवडत नाहीत. ट्रेऐवजी कागदी कपात लावा आणि कपाचा तळ फाडून कपासकट कुंडीत ठेवा.

पुदिन्याचं बी शोधत बसू नका. जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवा, आठवड्याभरात मुळं धरतात. कढीपत्त्याचं बी ताजंच लागतं, महिनोन्महिने ठेवलेलं उगवत नाही.

आणि आपल्या सगळ्यांचा लाडका प्रश्न: कोथिंबीर का उगवत नाही? कारण धणा म्हणजे एक बी नसून फळ असतं. आत दोन बिया. ते लाटण्याने हलकेच दाबून दुभंगायचं, पीठ करायचं नाही, रात्रभर भिजवायचं आणि मग पेरायचं. आठ ते बारा दिवस लागतात. डब्यातले अख्खे धणे फार जुने नसतील तर चालतात. उन्हाळ्यात मात्र कोथिंबीर पानं धरायच्या आधीच फुलोऱ्यावर जाते, तेव्हा दुपारचं ऊन टाळा. मेथीला हे लाड नकोत. तीन-चार दिवसांत हजर! पहिल्यांदाच करणार असाल तर मेथीपासून सुरुवात करा. कॉन्फिडन्स वाढतो.

नाशिकचं कॅलेंडर

परदेशी पुस्तकांतलं ‘स्प्रिंग’ इथे कामाचं नाही. आपल्याकडे तीन खिडक्या उघडतात.

*मे अखेर ते जून:* टोमॅटो, मिरची, वांगी ट्रेमध्ये. मृगाचा पाऊस पडला की वाल, भेंडी, दोडका, काकडी. मात्र ट्रे पावसात उघडा ठेवू नका.

*सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर:* हा बेस्ट सीझन. कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा, गाजर, लेट्युस, पार्सली, कोबी, कांदा, सगळं काही. टोमॅटोही पुन्हा लावता येतो, थंडी पडायच्या आत रोप मोठं होतं.

*जानेवारी अखेर ते फेब्रुवारी:* थंडी ओसरताना बेझिल, भेंडी, काकडी, दुधी, मिरची.

डिसेंबरात काय? मेथी-पालक खा आणि बियांच्या डब्याकडे नुसतं बघा.

पाकीट वाचा

सिनेमाचं परीक्षण वाचल्याशिवाय आपण तिकीट काढत नाही, पण बियांचं पाकीट मात्र चित्र बघून घेतो. मागची बाजू वाचा. तिथे उगवणक्षमता, तपासणीची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं ते लिहिलेलं असतं. आपल्या बियाणे प्रमाणकांनुसार टोमॅटोची उगवण किमान 70 टक्के हवी, मिरचीची 60. म्हणजे मिरचीच्या दहापैकी चार बिया उगवल्या नाहीत तर तुमचा हात वाईट नाही, हिशोबच तसा आहे! कांद्याचं बी जेमतेम वर्षभर टिकतं, टोमॅटो-वांग्याचं नीट ठेवलं तर तीन-चार वर्षं. बी गुलाबी किंवा निळ्या रंगात रंगवलेलं दिसलं तर त्याला औषध चोळलेलं आहे. हात धुवा, आणि घरातल्या लहानग्यांपासून लांब ठेवा.

हायब्रिड की गावरान, हा वाद चहाच्या टपरीवरही रंगतो. शांतपणे घ्या. हायब्रिड म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा संकर. भरपूर येतो, एकसारखा येतो. पण त्याच्या फळातलं बी पेरलं तर पुढच्या पिढीत गुण विस्कटतात. म्हणजे दरवर्षी नवं पाकीट. सरळ किंवा गावरान वाणाचं बी मात्र तुम्ही राखू शकता. आपल्या विद्यापीठांनीही असे सुंदर वाण दिले आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी घ्या, आपल्याच पिंपळगावचं नाव मिरवणारा राहुरीच्या विद्यापीठाचा ‘बसवंत 780’ कांदा घ्या. पाकिटावर ‘एफ-1’ लिहिलेलं असेल तर तो हायब्रिड. बस, एवढं ओळखता आलं की पुरे.

कोंभाळण्याची बीजमाता

बी राखणं म्हणजे काय, हे बघायचं तर फार लांब जायला नको. सिन्नर ओलांडून गेलं की शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमधला, अकोले तालुका लागतो. तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. शाळेची पायरी न चढलेल्या, महादेव कोळी समाजातल्या शेतकरी. आजूबाजूच्या घरांतून संपत चाललेलं गावरान बी त्यांनी गोळा केलं, पेरलं, वाढवलं आणि पुन्हा वाटलं. भात, नाचणी, वेलवर्गीय भाज्या, आणि वाल-घेवड्याचे तर कितीतरी प्रकार. ‘बाएफ’ या संस्थेच्या साथीने त्यांच्या घरी बियाणे बँक उभी राहिली. 2018 साली बीबीसीच्या जगभरातल्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं आणि 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. महाराष्ट्र त्यांना बीजमाता म्हणतो.

त्यांच्या कामाची गंमत अशी की बियाणे बँक ही तिजोरी नसते. तिजोरीत ठेवलेलं बी मरतं. ते दर एक-दोन वर्षांनी मातीत जावंच लागतं, आणि एकाच घरात नाही, अनेक घरांत. 2001 साली आपल्या देशात झालेल्या पीक वाण संरक्षण कायद्यानेही शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा हक्क मान्य केला आहे. आजी हे कायदा नसतानाच करत होती. शेजारणीला ओंजळभर वाल द्यायची. मला वाटायचं, भाजीसाठी देते.

पुन्हा अकरा

जून आला. पहिला पाऊस झाला. यावेळी मी मातीला हातच लावला नाही. अकरा बिया रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या, सकाळी ओल्या सुती फडक्यात सैलसर गुंडाळून डब्यात, डबा फ्रीजच्या वर, कारण तिथे ऊब असते. ही युक्ती लक्षात ठेवा. जुनं बी जिवंत आहे का, हे असंच तपासतात. दहा बिया फडक्यात ठेवायच्या, सात उगवल्या तर सत्तर टक्के. आणि उगवलेल्या बिया फुकट जात नाहीत, त्याच कुंडीत लावायच्या.

तिसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी मीटिंगमध्ये असताना आईचा फोन. मी बाहेर जाऊन घेतला. ‘अगं, एकाला शेपूट आलंय!’

अकरापैकी चार उगवल्या. सात गेल्या. किती वर्षं त्या डब्यात होत्या, कोण जाणे. चार कागदी कप, मग चार मोठ्या कुंड्या. एक रोप गोगलगायीने रातोरात फस्त केलं. उरले तीन वेल, ते बाल्कनीच्या ग्रिलवर चढले. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर... नुसती पानंच पानं! एक फूल नाही. शेजारच्या काकूंनी निदान केलं, ‘खत जास्त झालंय, छाटून टाक.’ मी कात्री हातात घेतलीही होती.

नर्सरीवाल्या दादांना फोन केला. ते हसले. ‘ताई, जुना वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. घड्याळ असतं त्याच्यात. दिवाळीपर्यंत थांबा.’

थांबले. ऑक्टोबरच्या अखेरीला पानांमधून जांभळे तुरे वर आले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाल्कनीत दिवे लावताना पहिली शेंग दिसली.

आईने विचारलं, ‘भाजी करू?’ दोन वेलांच्या शेंगांची केली. यावेळी ताटात बाजूला सारली नाही. तिसऱ्या वेलाला कुणी हात लावायचा नाही, असा नियम केला. त्याच्या शेंगा वेलावरच वाळू दिल्या, खुळखुळ वाजायला लागल्यावर काढल्या, सोलल्या, सावलीत आणखी वाळवल्या. वालाचं परागीभवन बहुतेक त्याच्या त्याच्याच फुलात होतं, त्यामुळे बी जसंच्या तसं येतं. तीच जांभळट-काळी, तीच पांढरी रेघ.

मोजल्या. एकशे चौदा.

वीस काकांना दिल्या, ‘टाक गं’ म्हणाले होते त्यांनाच. ते जरा वेळ नुसतेच बघत राहिले. वीस पिंपळगावच्या दादांना. ऑफिसमध्ये डेस्कवर ठेवलेल्या पुड्या तासाभरात संपल्या. उरलेल्या राखेत, त्याच डब्यात.

मृग जवळ आलाय. या शनिवार-रविवारी गावी जाणार असाल तर फडताळातले जुने डबे जरा उघडून बघा. आणि घरात आजी असेल तर तिला विचारा, आत्ताच. कुठलं बी, कधी पेरायचं, ते तिला ठाऊक असतं. डब्यावर ते लिहिलेलं नसतं.

झटपट टिप्स

• रोपं बुडाशी काळी पडून अचानक आडवी होतात, तो मर रोग. पाणी कमी करा, हवा खेळती ठेवा, पाणी सकाळीच द्या. कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा मिसळलेलं उत्तम.

• पहिली दोन पानं खरी नसतात. त्यानंतरची चार पानं आली की रोप मोठ्या कुंडीत हलवा, तेही संध्याकाळी.

• हलवण्याआधी आठवडाभर पाणी थोडं कमी करा आणि ऊन रोज थोडं थोडं वाढवा. एसीतून थेट उन्हात गेल्यावर आपलं जे होतं, तेच रोपाचं होतं.

• गावरान टोमॅटोचं बी राखायचंय? गर वाटीत काढून थोडं पाणी घाला, दोन दिवस आंबू द्या, धुऊन ताटलीत वाळवा. कागदावर वाळवलं तर चिकटून बसतं.

• बी ठेवायचं कोरडं, गार आणि अंधारात. घट्ट झाकणाची बाटली फ्रीजमध्ये चालते. वर नाव आणि वर्ष लिहायला विसरू नका.

• सगळ्या बिया एकदम कधीच पेरू नका. हे मी अकरा बिया गमावून शिकले.